माथुरसरांच्या मागे जयपूरभर

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. जयपूरचा हवामहल मी बसच्या खिडकीतून पाहिला, तोही अर्धाच. पण घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच आणि एवढ्या लांब जाऊन आलेलाही पहिलाच, म्हणून वार्षिक अंकाच्या संपादकांनी पिच्छा सोडला नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

भुसावळहून निघालो तो एकाच कामासाठी. जयपूरला गणित शिकवणारे माथुरसर निवृत्तीपूर्वी शेवटचा एक संशोधक विद्यार्थी घेणार होते. तो मी व्हावा, एवढीच इच्छा. खांडव्याला मीटरगेजची गाडी धरली. जयपूरला उतरलो तेव्हा कोळशाने शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या गावच्या वानखेडेकाकांकडे उतरलो.

सर काही भेटेनात. सकाळी तास, दुपारी समिती, नंतर उत्तरपत्रिका. मी व्हरांड्यात उभा. संध्याकाळी काकांची मुलगी विचारायची, “दादा, आज तरी भेटले का? मतलब, बोलले का?”

अखेर भेटले. त्यांनी गुणपत्रिका पाहिलीच नाही. त्यांची पद्धत वेगळी: त्यांचंच एक जुनं प्रमेय, त्यांची सिद्धता न बघता, सिद्ध करून दाखवायचं. मी खपून केलं, फळ्यावर मांडलं. सर बघत राहिले.

“दूसरी शर्त कहाँ लगी?”

प्रमेयात दोन अटी होत्या. माझ्या सिद्धतेत दुसरी कुठेच आली नव्हती. गणितात दिलेली अट वापरावी लागली नाही, की कुठेतरी चूक दडली आहे असं समजतात.

“गलती ढूँढो, फिर बात करेंगे,” म्हणून सर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शीतलामातेची सुट्टी. सर सपत्नीक चाकसूच्या जत्रेला निघाले. मीही चिडून त्याच बसमध्ये शिरलो. धूळ, गर्दी, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं. जत्रेत माथुरबाईंनी बासोडा (आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण) वाढला: पुऱ्या आणि राबडी (ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ).

“मिली?” सरांनी विचारलं.

“नहीं, सर.”

“खाने दो उसे!” बाई कडाडल्या. “बेटा, इनका तो यही है। कॉलेज में पढ़ाते हैं, मेले में सोचते हैं। अपनी शादी में, फेरों के बीच पंडितजी से पूछ रहे थे, सात ही क्यों?”

“पाँच से भी काम चल जाता,” सर म्हणाले आणि पुन्हा कुठेतरी हरवले.

मला हसू आलं नाही. तीस वर्षं पोरांच्या चुका दाखवणाऱ्या माणसाला माझी एक दाखवायला काय होतं? शेवटपर्यंत चूक सापडली नाही. तसाच परतलो.

घरी बाबांनी विचारलं, “झालं का काम?” उत्तर चुकलंय आणि चूक सापडत नाही, हे त्यांना कसं सांगणार? अभ्यासात हुशार असणं आणि गणितात आयुष्य घालवणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढं मात्र कळलं. संपूर्ण मे महिना तेच कागद उलटेपालटे करण्यात गेला.

जूनमध्ये वानखेडेकाका रजेवर गावी आले.

“अरे, तुझे ते सर क्वार्टर शोधत आले होते. बसले नाहीत, चहा नाही. म्हणाले, लड़के से कहिए, गलती है ही नहीं। वो शर्त मेरे प्रमेय में ही फालतू थी, इतने साल दिखी नहीं।”

मी तेच कागद पुन्हा काढले.

“कसली अट, ते काही मला कळलं नाही,” काका म्हणाले. “पण जुलैत ये म्हणालेत. अंथरूण-पांघरूण घेऊन.”