आरसा लपवणारी

येरमाळ्याला हिजड्यांच्या घरात माझं निर्वाण झालं, अंगातलं पुरुषपण कापून टाकलं, तेव्हा जखम भरेस्तोवर माझ्याजवळ बसायला गुरूनं एक थोराड गुरुबहीण ठेवली. ती स्वतः यातून गेलेली. गरम तिळाच्या तेलानं मला शेकायची, उचलून बसवायची. पण माझा काही तिच्यावर विश्वास बसेना. चौथीतच शाळा सुटलेली मी, घर लांब कोकणात. मेले तर कुणाला कळणार?

तिनं आरसा लपवला होता. तोंड दिसू नये म्हणून पितळी तांब्यालासुद्धा ती माती थापायची.

“अक्का, तोंड बिघडलंय का माझं?”

“गप पड. जखम भरली की बघशील. रीतच हाय आपली.”

रीत म्हणे! काहीतरी दडवतेय, असंच मला वाटायचं.

एका सकाळी दुसरी बहीण तिला हसली, “अगं, कुंकू भुवईवर लावलंयस! माझा आरसा देऊ का?”

“नगं. ही बघंल तवाच म्या बघीन,” ती म्हणाली आणि पदरानं कपाळ पुसलं.

माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी तिनं दिलेला काढा मी पहिल्यांदाच न हुंगता प्यायले.