चाकांचे कान

आमच्या गावातून शेताकडे निघालं की डांबरी रस्ता मोहाच्या एका झाडापाशी संपतो. पुढे पांदणीची कच्ची वाट, मग नाला आणि नाल्यापलीकडे आमचं शेत. माती काळी. उन्हाळ्यात तिच्याइतकी गुणाची माती नाही, पण एक बरा पाऊस झाला की ती चपलेला, बैलाच्या खुराला, ट्रॅक्टरच्या टायरला, जे सापडेल त्याला बिलगते आणि सोडायचं नाव घेत नाही. म्हणून मी शाळेत असतानाच बाबांनी चारही चाकांनी ओढणारी एक जुनी पिकअप घेतली. पुढे दोघांना बसायला जागा, मागे हौदा. कापूस, ज्वारी, खताच्या गोण्या, एकदा तर अडलेली म्हैस, सगळं त्याच गाडीनं वाहिलं.

अशा गाडीची चारही चाकं नेहमी ओढत नाहीत. गिअरच्या शेजारी एक लहान दांडा असतो, तो ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही जातो. पण त्याआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली वाटीएवढी चकती हातानं फिरवावी लागते. तिला हब म्हणतात. फिरवली की चाक आसाला जोडलं जातं, उलटी फिरवली की सुटतं. एक बाजू फिरवली आणि दुसरी विसरली, तर पुढचं एकही चाक ओढत नाही आणि गाडी चिखलात बसते. बाबा हबला चाकाचा कान म्हणत. "कान पिळल्याबिगर चाक आयकत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

मोहाखाली गाडी थांबायची. उजव्या दारातून बाबा उतरत, डाव्या दारातून आई. बाबा उजवा कान पिळत, आई डावा. आपलं झालं की बाबा बोनेटवर एक टपली मारत. पलीकडून आईची टपली आली की दोघं आत चढत. बोलायचं काही कारण नसे. संध्याकाळी परतताना त्याच झाडाखाली कान सोडवायचे, पुन्हा टपल्या. दोघांचं भांडण असलं, आणि ते बऱ्याचदा असे, तरी टपली चुकत नसे. त्या दिवशी आईची जरा जोरात पडायची, एवढंच.

बाबांचा आणखी एक नेम होता. शेतातून निघालं की गाडी मागे घ्यायची नाही. हौद्यात माल असो की नसो, शेतातून निघालेली गाडी घराकडे तोंड करूनच आली पाहिजे, वीतभरही मागे सरकता कामा नये. हा नेम आजोबांच्या बैलगाडीपासूनचा. त्यासाठी शेतात धुऱ्याच्या बांधाजवळ एक गोल मोकळा ठेवलेला होता, फक्त गाडी वळवायला. त्यात कापसाची पराटी लावायची नाही. "एवढ्या जाग्यात माह्यी सालभराची मिरची झाली असती," असं आई दर पेरणीला ऐकवायची आणि बाबा दर पेरणीला ऐकून घ्यायचे. घरापुढेही कडुनिंबाला वळसा घालूनच गाडी उभी राहायची. गाडीला रिव्हर्स गिअर आहे हे बाबांना बहुधा डिझेल भरायला गेल्यावरच आठवत असावं.

मग बाबांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, चालता येऊ लागलं, गाडीही चालवता येऊ लागली. पण डॉक्टरांनी उकिडवं बसायला सक्त मनाई केली, आणि उकिडवं बसल्याशिवाय चाकाचा कान हाताला येत नाही. हैदराबादेत नोकरी करणारा माझा भाऊ याचीच वाट पाहत असल्यासारखा बोलू लागला. गाडी विका, शेत ठोक्यानं कसायला द्या, दोघंही इकडे या. त्याचं चुकत होतं असं नाही. त्याला काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे मला माझ्यावरूनच माहीत आहे. बाबा फोनवर "पाहू" म्हणत. शेत कोण कसतं याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. स्वतः गाडी चालवत, कुणाच्या मागे न बसता, आपल्या शेतात जाता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते गेलं असतं तर बाबा खाटेवर बसून राहिले असते, आणि त्या विचारानं मला रडू यायचं.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरी उटनूरला, काम आजूबाजूच्या जंगलातल्या आदिवासींच्या गुड्या-वस्त्यांवर. तिकडचे रस्ते आमच्या पांदणीला लाजवतील असे आहेत. पण ज्या जीपमधून मी फिरते तिचा ड्रायव्हर चिखल आला म्हणून कधी खाली उतरत नाही. आत बसल्या बसल्या दांडा ओढतो, हब आपोआप लागतात. आटोमॅटिक. मला वाटलं, सुटला प्रश्न. मी ठरवलं की विचारत बसत नाही, करून मोकळी होते. हा स्वभाव मला आईकडून मिळालाय असं बाबा म्हणतात. आई म्हणते, बाबांकडून.

गुडीहत्नूरला हायवेवर एक गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकनं जुने हब काढून आटोमॅटिक बसवले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू विमानच तयार करून दिलं. "मैडम, अब हात लगानेकाच काम नै. बाबा राजा के सरीका बैठते." जुने हब त्यानं एका पोत्यात घालून परत दिले. आईनं ते ज्वारीच्या कोठीमागे ठेवले.

बाबा राजासारखे बसून शेतात गेले. मोहाखाली गाडी थांबायची गरज उरली नाही, आणि आईनंही जाणं सोडलं. "आता माह्यं काय काम तिकडं," म्हणाली, आणि डबा बांधून बाबांच्या हातात देऊ लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आईलाही जरा आराम.

पोळा झाल्यावर गाडी रडू लागली. रडू लागली हा बाबांचा शब्द. डांबरावर वेग घेतला की खालून घूं असा एकसारखा आवाज. बाबा गाडीच्या आवाजावर जगणारे. माझ्या आवाजातला फरक त्यांना कळणार नाही, पण गाडीचा कळतो. गाडी घेऊन आम्ही गॅरेजवर गेलो. मेकॅनिकनं ती शेडमध्ये घेतली, बाहेर काढली, हायवेवर फिरवून आणली. आवाज नाही. "किधर है आवाज? बाबा के कान में हैंगा." दुसऱ्या दिवशी बाबा शेतात जाऊन आले, आणि आवाज हजर. असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. शेवटी मेकॅनिक म्हणाला, पुढचा गिअरबॉक्स जातोय, खोलावं लागेल. बाबांनी गाडी कडुनिंबाखाली लावली आणि चावी खिळ्याला टांगली. रस्त्यात बंद पडली तर एवढं चालत येता येणार नाही, याची त्यांना भीती होती. तसं ते म्हणाले नाहीत. भाऊ मात्र फोनवर म्हणाला, "बघ, दसऱ्याला येतो आणि गाडीचं काय ते करूनच टाकतो."

म्हणून त्या रविवारी मी बाबांना ओढून गाडीत बसवलं. म्हटलं, मले दाखवा कुठून रडते ते. जाताना डांबरावर गाडी गुपचूप. पांदणीत दांडा ओढला, नाला पार झाला, शेत आलं. बाबांनी पराटी पाहिली, एकदोन बोंडं चाचपली, गोलात गाडी वळवली आणि आम्ही निघालो. मोहापाशी डांबर लागताच त्यांनी दांडा पुन्हा जागेवर टाकला, वेग घेतला, आणि घूं.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आटोमॅटिक हब आपोआप लागतात खरे, पण सुटायला त्यांना एक गोष्ट लागते. दांडा जागेवर टाकून गाडी थोडी मागे घ्यावी लागते. आमचा उटनूरचा ड्रायव्हर डांबर लागलं की हे करतो, मी कितीदा पाहिलंय. मेकॅनिक शेडमधून गाडी मागे काढायचा, तेव्हाच ते सुटायचे. आणि आमचे बाबा शेतातून निघाल्यावर गाडी मागे घेणारे नव्हेत. गाडी बिचारी कान पिळलेल्या अवस्थेतच घरापर्यंत यायची. मला इतकं हसू आलं की बाबांनी गाडी बाजूला घेतली.

"बाबा, वळवा अन् झाडापाशी चला. तिथं जरा मांगं घ्या, आवाज जाते."

झाडापाशी ते आले. मागे घेतली नाही.

"शेतातून निगालो ना आपण?"

"हाव."

"मंग मांगं काऊन?"

मी समजावलं. हब कसा असतो, आत काय अडकतं, काय सुटतं, सगळं. बाबांनी शांतपणे ऐकलं. मध्येच मान हलवली, त्यामुळे मला वाटलं की जमलं.

"समजलं. पन मांगं न्हाई घेत."

"हौदा रिकामा हाये, बाबा! कायले मांगं न्हाई घेत?"

"तुह्या आज्यानं कदी घेतली न्हाई."

"आज्याच्या बैलगाडीले हब होते का?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, उतरा तुमी, मी घेते मांगं, पाप लागलं तर मले लागंल. बाबांनी इंजिन बंद केलं, चावी काढून सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिडकीतून मोहाकडे पाहत बसले. मीही दुसरीकडे पाहत बसले. पलीकडून शेळ्या गेल्या. मग बाबांनी चावी लावली आणि आम्ही घूं करत घरी आलो.

आई ओट्यावर अंबाडीची पानं खुडत होती. मी सगळं तिला तावातावानं सांगितलं, म्हणजे बाबांची तक्रारच केली. तिनं हातातली जुडी संपवली.

"मंग जुनेच बसव ना. पोत्यात ठिवलेत म्या."

"अन् पिळंल कोन? त्याईच्या गुडघ्यानं?"

"मी न्हाई का? इतके साल कोन पिळत होतं डावा कान?"

"दोन्ही बाजूचे?"

"दिवसभर पराटीत वाकते मी. दोन कान मले जड जातीन का?"

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "बाई उतरंन अन् मी वर बसून पाहीन? लोकं काय म्हनतीन?"

"सांगा त्याईले, मालकाले बसवून ठिवलं," आई म्हणाली. मग तिनं पानं बाजूला सारली, आणि तिचा आवाज बदलला. "तुमी बापलेकीनं आटोमॅटिक आनलं अन् मले घरी बसवलं. मले कोनं पुसलं? तिकडं माह्या बी एक कान होता."

मला फार वाईट वाटलं. तिला आराम मिळाला असं मी धरून चालले होते, आणि ती इतके दिवस एकटी ओट्यावर बसून गाडी जाताना पाहत होती. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, परत खांद्यावर टाकला. म्हणाले, "बसव." ते मला म्हणाले की आईला, कळलं नाही.

मी आजही सांगेन की आटोमॅटिक हबमध्ये खोट नाही. माझं काम त्यांच्यावरच चालतं. मेकॅनिकला मात्र ते काढताना जिवावर आलं. "मैडम, दुनिया उधर जा रई, तुम इधर आ रे." मी म्हटलं, "हमारे घर में रिव्हर्स नै है." त्याला कळलं नाही. मग त्यानं सुचवलं, कान एकदा पिळून तसेच ठेवा, उतरायची झंझटच नको. म्हणजे पुन्हा तेच घूं. मी नको म्हटलं.

दसऱ्याला भाऊ आला. पहिल्या वेचणीचा कापूस आणायचा होता, म्हणून सगळेच निघालो. आई पुढे डाव्या दाराशी, बाबा स्टिअरिंगवर, भाऊ आणि मी मागे हौद्यात पत्र्याला धरून उभे. भाऊ गावाबाहेर पडेपर्यंत बोलत होता. गाडीला गिऱ्हाईक आहे, भाव बरा येईल.

मोहाखाली गाडी थांबली. आई उतरली, पदर खोचला, चाकापाशी बसली, डावा कान पिळला. उठून बोनेटवर टपली मारली. मग पुढून वळसा घालून उजवीकडे आली. बाबांनी दार उघडलं आणि एक पाय बाहेर काढला.

"बसा," आई म्हणाली.

त्यांनी पाय आत घेतला आणि दार लावलं. आई उजव्या चाकापाशी बसली. हब जरा जाम होता, दोन्ही हातांनी जोर लावून तिनं तो फिरवला. भाऊ हौद्यातून खाली उडी मारायला निघाला, मी त्याचा दंड धरला. आई उठली, हात पदराला पुसले, आणि तिथेच उभी राहिली. उजव्या बाजूची टपली मारली नाही, परत आपल्या बाजूलाही गेली नाही. बोनेटपाशी उभी राहून काचेतून बाबांकडे पाहत राहिली.

मला आधी वाटलं, ती विसरली. मग खिडकीतून बाबांचा हात बाहेर आला आणि त्यांनी दाराच्या पत्र्यावर एक टपली मारली. तेव्हा कुठे आई आपल्या बाजूनं जाऊन वर चढली. भाऊ माझ्याकडे पाहत होता, पण गाडीबद्दल त्यानं पुढे काही काढलं नाही, आणि आम्ही पांदणीत उतरलो.