तुझ्या माहेरचं

माझा धाकटा भाऊ किल्ल्या बनवतो. टपरीएवढं दुकान, भिंतभर कोऱ्या किल्ल्या, आणि तोंडाचा पट्टा यंत्राहून जोरात. कुणी बिघडलेलं कुलूप आणलं की पहिला प्रश्न, "कुणी हात लावला होता?" दोष कुणाचा ते ठरल्याशिवाय याचं काम सुरू होत नाही. मीही त्याचीच बहीण.

त्याची मुलगी ठकी, चार वर्षांची. अंघोळ घालताना भावजयीच्या हाताला तिच्या पोटात गाठ लागली. मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून ते मूत्रपिंड काढलं, गाठ तपासायला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीत जनुकीय बदल सापडलाय. तिचं रक्तही तपासू." पुढचं आम्ही ऐकलंच नाही. जनुकीय म्हणजे खानदानी, एवढाच अर्थ आम्ही काढला.

भावजयीचे एक मामा मूत्रपिंडाच्या आजारानं गेले होते. ते उकरून काढलं मीच. भावानं लगेच माझी री ओढली, "तुझ्या माहेरचं आहे हे सगळं." तिनं वाद घातला नाही. सलाईन चालू असताना ठकीचा हात धरून बसायची, ती हळूहळू लांबच्या खुर्चीवर बसू लागली. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी मनातून सुखावले. लिहितानाही लाज वाटते.

सात आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. "रक्तात काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बदल फक्त गाठीतल्या पेशींत आहे. पेशी वाढताना स्वतःची नक्कल करते, त्यात कधीतरी चूक होते. हे आईकडून आलेलं नाही, वडिलांकडूनही नाही."

मूळ किल्ली चांगली, यंत्र चांगलं, तरी हजारात एखादीचा दात चुकतो, हे माझ्या भावाला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं सुस्कारा सोडला. "म्हणजे आमच्याकडचंही नाही." मीही मान डोलावली.

भावजय म्हणाली, "तुम्हा दोघांना अजून तेच पडलंय?" मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "या बदलामुळे ठकी बरी व्हायची शक्यता किती उरते?"

"एरवी दहातली नऊ मुलं बरी होतात. ठकीच्या बाबतीत मी सहा-सात म्हणेन. औषधं जास्त कडक द्यावी लागतील."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. सात आठवड्यांत आम्हा बहीणभावांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं.