घिवलीची शी-मावशी

मासळी विकणारी आणि मासळीचीच किळस येणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा घिवलीच्या शाळेत मला नोकरी लागली. पालघरहून येऊन मी या बाईच्या पडवीत राहिले. पापलेटाला हात लावताना ती मान फिरवायची आणि म्हणायची, "शी!" पाटी डोक्यावर घेताना "शी!", गिऱ्हाइकाने कल्ला उचकटून पाहिला की पुन्हा "शी!" गावाने तिचं नावच शी-मावशी पाडलं होतं.

या किळसेचं कारण तिने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. तिचा नवरा होडीवरून समुद्रात पडला होता. तो किनाऱ्याला लागला तेव्हा ओळख पटवायला तिलाच नेलं. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. कमरेच्या करगोट्यावरून तिने ओळखलं. "तवापासून बाय, सुरमईचा डोला दिसला का वाटते, हिनंच खाल्ला आसंल," ती म्हणाली. "नि मी तीच विकते. दुसरं काय येते मला?"

नवऱ्याला ओळखलं त्या दिवसापासून तिचं शरीर तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं. बांधकामावर सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजे. तो वाजला की तिच्या हातातलं भांडं पडे, छाती धडधडे, घामाने चोळी भिजे आणि ती तोंड दाबून मागच्या दाराकडे धावे, ओकायला. पुढेपुढे भोंग्याचीही गरज उरली नाही. कुणी कडी वाजवली तरी तेच. गावातली पोरं मुद्दाम तिच्या दारावर माशांची डोकी फेकत आणि त्यांचे बाप समोरच्या ओट्यावर बसून हसत. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

तिच्या दिराने कुठून तरी एक बुवा आणला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून पानाचा लाल रस गळत होता आणि तो मधूनमधून धोतरालाच हात पुसत होता. "नवरा अंगात शिरलाय," असं सांगून त्याने मावशीचं डोकं निखाऱ्यांच्या घमेल्यावर वाकवून धरलं आणि निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या. ती गुदमरत होती, हात आपटत होती आणि हा मेला तिच्या पाठीवरून हात फिरवत मंत्र म्हणत होता. मी ते घमेलं लाथेने उडवलं. दीर माझ्या अंगावर आला, पण मावशीच खोकत खोकत मध्ये उभी राहिली. "बायला हात लावशील तं बघ," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला बोईसरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि शांतपणे सांगितलं, "वाघ दिसला की पळता यावं म्हणून आपल्या रक्तात एक रस सुटतो. वाघ गेला की तो थांबतो. तुमचा थांबत नाही, एवढंच. रोज डोळे मिटून बसा. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. मन दुसरीकडे गेलं की परत श्वासावर आणा."

बाहेर येऊन मावशी थुंकली. "शी! श्वास तं कुत्रापन घेते. त्याला डॉक्टर कशाला?"

तरी ती बसू लागली, पण डोळे मिटले की तिला तो किनाराच दिसे. मग मी म्हटलं, मिटूच नका, कशाकडे तरी बघा. अंगणात एक खरजुलं कुत्रं निजलेलं असायचं, अंगावर माश्या बसलेलं. त्याचं पोट संथ वरखाली होई. मावशी त्याच्याकडे बघत बसे आणि त्याच्या श्वासाला आपला श्वास लावी. "देवाचं ध्यान लोकांला," ती करवादायची, "नि माझ्या नशिबाला हा खरूजवाला!" पण उठायची नाही. एका सकाळी भोंगा वाजला आणि तिच्या हातातला तांब्या हातातच राहिला. ती स्वतःच त्या तांब्याकडे बघत राहिली.

त्याच उन्हाळ्यात कामावरचा एक परप्रांतीय मजूर पोहायला गेला आणि बुडाला. चार दिवसांनी किनाऱ्याला लागला. मी पोचले तेव्हा गडीमाणसं नाकाला फडकी लावून लांब उभी होती. पोलीस येईपर्यंत कुणी हात लावायला तयार नव्हतं. कावळे जवळ सरकत होते. कुणीतरी म्हणालं, "आपल्या गावचा नाय, आपल्याला काय?" आणि बिडी पेटवली.

मावशी गर्दीतून पुढे आली. त्याला पाहिलं आणि मटकन ओल्या वाळूत बसली. "आता ओकते बघा," मागून कुणीतरी हसलं. तिने पोटावर हात ठेवला. तिचे खांदे आधी थरथरत होते, मग हळूहळू खाली आले. ती उठली, अंगावरची ओढणी काढली आणि त्याच्या तोंडावर, छातीवर पांघरली. मग काठी घेऊन शेजारी बसली, कावळे हाकलत. बिडीवाल्याकडे वळून म्हणाली, "यालापन बायको आसंल. तिला तं हे बघाया नको." पोलीस येईपर्यंत ती हलली नाही.

परतताना बांधाआड जाऊन ती भडाभडा ओकली. मी पाठ चोळली. तोंड पुसून ती म्हणाली, "ओकले. पन काम झाल्यावर ओकले."

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं आणि मी वाणगावला राहायला गेले. मावशीच्या गावची एक कोळीण तिथल्या बाजारात मासळी घेऊन बसायची. एकदा माझ्यासाठी बोंबील निवडता निवडता तिने सांगितलं, "तुमची मावशी गेली, बाय. लय धाप लागलेली. आमी सगल्या रडत होतो. ती नाय घाबरली. आमालाच सांगत होती, हलू घ्या, हलू सोडा." एवढं बोलून तिने हातातले बोंबील परत टोपलीत टाकले. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या टोपल्यांशेजारी, खवल्यांनी भरलेल्या त्या ओल्या फरशीवर, तशीच खाली बसले.