तीन नवऱ्यांच्या घराची किल्ली

आमच्या युडोनवहिनीला तीन नवरे, आणि वेळेला एकही कामाचा नाही. हे मी त्या तिघांची सख्खी बहीण असून सांगते. मी लग्न न करता डोकं भादरून जोमो, म्हणजे बौद्ध भिक्षुणी, झाले म्हणून सुटले. पण राहते त्याच घरात, त्यामुळे सगळं बघावं लागतं.

शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून आम्ही किन्नौरवाले सगळ्या भावांत मिळून एकच बायको करतो. वहिनी आली तेव्हा पलदेन आणि रिगझिन चांगले बाप्ये होते, धाकटा लोबजंग पाच वर्षांचा. टोपी घालून त्यालाही नवरा म्हणून बसवलं, तर तो माझ्या मांडीवर झोपला. आमची आई आधीच गेलेली. त्याचं नाक वहिनीनेच पुसलं, उवाही तिनेच काढल्या. कसला नवरा!

आता तो ट्रक चालवतो. परवा आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मला रामपूरची मुलगी करायचीय. वाटणी करा. घर धाकट्याचं, रीतच आहे."

रीत आहे खरी. थोरल्याला चांगलं शेत, धाकट्याला घर. वीस वर्षं ज्या चुलीपुढे वहिनी बसली, तीच जाणार. तिचा चेहरा पांढरा पडला.

पलदेन म्हणाला, "रिगझिन, तू बोल."

"थोरला तू आहेस," रिगझिन म्हणाला. आणि दोघं लोण्याचा चहा भुरकत बसले.

"अरे मेल्यांनो, बायको बेघर होतेय तुमची!" मी ओरडले.

"तू थांब, जोमो." वहिनीने कमरेची किल्ली सोडून लोबजंगपुढे ठेवली. "घर तुझं. लग्न कधी?"

"सफरचंदं उतरली की."

"नवरीला उंबऱ्याच्या आत कोण घेणार? आईच्या जागी कोण बसणार?"

लोबजंग खाली बघायला लागला. "तूच."

"कोण म्हणून?"

"आई म्हणून," तो पुटपुटला.

"मग झालं तर. नवरा म्हणून सोडलं तुला, कधी होतास म्हणा! पण सासू धडधाकट असताना सुनेच्या कमरेला किल्ली, या गावात बघितलीस कधी?"

लोबजंगने स्वतःच किल्ली उचलून तिच्या हातात दिली. तिने ती दोन गाठी मारून कमरेला बांधली.

"मी हेच म्हणणार होतो," पलदेन म्हणाला.

वहिनीने त्याच्या हातातली चहाची वाटी काढून घेतली.