अख्ख्या सुपारीएवढा वेळ

आमच्या हिच्या मामांइतका सावकाश माणूस रायगडच्या किनाऱ्यावर दुसरा नसेल, आणि तापलेल्या गाडीचं दुखणं त्यांच्याइतकं अचूक ओळखणाराही नसेल. या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत, हे कळायला मला फार वर्षं लागली. उमेदीचा काळ त्यांनी न्हावा शेव्याच्या बंदरातून ट्रकनं कंटेनर वाहण्यात घालवला. आता दिवेआगरात त्यांची सुपारीची वाडी आहे, आणि घाट ओलांडून आलेल्या पर्यटकांच्या गाड्या नेमक्या तिच्या फाटकापाशी वाफा सोडत थांबतात. मामा बाहेर येतात ते पाना घेऊन नव्हे, तर एक अख्खी सुपारी आणि अडकित्ता घेऊन. बॉनेट उघडलं की ते पायरीवर बसून कातरायला लागतात. सुपारी संपेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही. एरवी कातरणं पाच मिनिटांचं काम, पण मामांची सुपारी पाऊण तास चालते. "काका, पाणी ओता ना!" असं कुणी म्हणालंच, तर म्हणतात, "तापल्या तव्यावर गार पानी वतता व्हय?" आणि त्याच्या हातावर चार खांडं ठेवतात. एकदा पुण्याच्या एका बाईंना ती सुपारी अशी लागली, की गाडी बरी झाली तरी बाई बऱ्या होईपर्यंत सगळे खोळंबले.

कातरता कातरता चौकशी चालते. घाटात तापली की बाजारात उभी असताना? उभी असताना तापली तर मामांचा संशय पंख्यावर. माझ्या गाडीचं इंजिनच खोलायला हवं, असं एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. मामांनी ती निवल्यावर पुन्हा चालू करायला लावली, थोड्या वेळानं रेडिएटरच्या दोन नळ्या चाचपल्या आणि म्हणाले, "वरची चटका देतेय, खालची गार हाय. जावईबापू, मधला दरवाजा उघडत न्हाय तुमचा." तो दरवाजा म्हणजे थर्मोस्टॅट; तो बदलला. त्यानंतर गाडी आजतागायत तापलेली नाही.

मग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत वाडी आडवी झाली. सत्तरी ओलांडलेल्या मामांनी पुन्हा रोपं लावली. "ही सुपारी खाणार कोण?" असं भावकीतल्या एकानं विचारलं. मामा म्हणाले, "मी." पुढे दरवर्षी ते थकत गेले, आणि झाडं आधी फळतात की मामा आधी जातात, या धास्तीत आम्ही राहिलो. तोवर ते विकतची सुपारी कातरत. तिच्यानं इंजिन नीट निवत नाही, अशी त्यांची तक्रार असे.

यंदा फोन आला. "पयली सुपारी वाळलीय. गाडी घेऊन या. आनि तापवून आना."

मी एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये घाटात दोन फेऱ्या मारल्या, पण तापमानाचा काटा जागचा हलेना. मामा फाटकात अडकित्ता घेऊन बसले होते. गाडी गारच आहे, असं मला सांगवेना. म्हणालो, "मामा, फार तापली हो!"

त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. कंटेनर ओढलेला हात तो, त्याला काय कळायचं राहणार? क्षणभर माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "व्हय. लईच तापलीय. बसा, येळ लागंल."

मी शेजारी बसलो. मामा कधी नव्हे इतके बारीक कातरत होते, आणि ती सुपारी संपूच नये असं मला वाटत होतं.