स्टोव्ह पाहून निवडलेली कंपनी

"ढोले साहेब, मले आत्ता सोडा. नाईतर दुसरा ड्रायव्हर पाठवा."

सकाळपासून तिसऱ्यांदा मी फोनवर हेच सांगत होतो. साडेअकरा वाजले होते. कंटेनर यार्डाच्या रांगेत माझा ट्रेलर सातवा.

"एक तास गजाननभाऊ, माणूस पाठवतो," आमचे मॅनेजर ढोले म्हणाले. हाच एक तास ते नऊ वाजतासुद्धा देत होते.

ट्रेलरवर सील लावलेला मालाचा डबा होता. असा डबा सोडून ड्रायव्हर निघून गेला, तर चोरीचा आळ पहिला त्याच्यावर. तिकडे पिपरी मेघेच्या घरी माझी बायको सुनंदा पलंगावर बसून धापा टाकत होती. दोन वाजता तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर पोचायचं होतं. सोबत घरचं एक माणूस लागतं. ते माणूस मी, आणि मी इथे.

मुळात ही नोकरी मी तिच्यासाठीच धरली होती.

बावीस वर्षं मी लाइनवर काढली. लाइनवर म्हणजे लांब पल्ल्याची गाडी. आज वर्धा, चार दिवसांनी कोलकाता. सुनंदाच्या किडन्या गेल्या आणि दर सोमवारी-गुरुवारी मशीन सुरू झालं, तेव्हा लाइन सोडली. लोकल काम पाहिलं. आपल्याकडे आता इंटरमोडलचं काम आहे. नाव मोठं, गोष्ट साधी. माल एका लोखंडी डब्यात बंद असतो. डबा तोच राहतो, खालचं वाहन बदलतं. बंदरापासून यार्डापर्यंत रेल्वे, यार्डापासून कारखान्यापर्यंत आमचा ट्रेलर. पल्ला छोटा. माणूस रोज घरी.

दोन कंपन्या ड्रायव्हर शोधत होत्या. एक वर्ध्याच्या बायपासवरची, दुसरी हिंगणघाटची. पगार सारखाच. वेळही सारखीच सांगितली, पहाटे पाच ते दुपारी बारा. आता दोन्हीतली खरं बोलणारी कोणती, हे ओळखायचं कसं? आमच्या लोकांची एक पद्धत आहे. ट्रेलरच्या पोटाला पेटी असते. तिच्यात साखळ्या, दोर आणि ड्रायव्हरचा स्वयंपाकाचा स्टोव्ह. माझे उस्ताद सांगायचे, ऑफिसात जाऊ नको, पेटी उघड. स्टोव्ह काळा, तव्याला थर चढलेला, म्हणजे ती कंपनी ड्रायव्हरला रस्त्यावर खोळंबवते. पेटी कोरी, म्हणजे माणूस घरी जाऊन जेवतो.

मी ढाब्यावर दोन्ही कंपन्यांच्या गाड्या गाठल्या. हिंगणघाटवाल्याची पेटी उघडली तर आत अख्खा संसार! काळाकुट्ट स्टोव्ह, डाळीचा डबा, कांदे. बायपासवाल्याच्या पेटीत नुसती साखळी, घासल्यासारखी स्वच्छ.

घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात सुनंदाला निकाल सांगितला.

ती म्हणाली, "अहो, त्यायच्या कोण्या ड्रायव्हरच्या बायकोले विचारा ना, तिचा नवरा किती वाजता घरी येते म्हून."

मी हसलो. म्हटलं, "तुले काय समजते ट्रान्सपोर्टमधलं?"

"काऊन हासता? बायकोलेच तं समजते."

मी बायपासवाल्यांकडे लागलो. पेटी कोरी का, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. ढोले साहेबांनी स्टोव्हवर बंदी घातली होती. आग लागते म्हणे. ड्रायव्हर घरी जाऊन जेवत नव्हते, रांगेत उपाशी बसत होते. रेल्वे आली की सगळे ट्रेलर एकदम येतात, क्रेन मात्र एकच. बाराची सुट्टी सहावर जायची, कधी सातवर. बाप्पा! बावीस वर्षांची अक्कल आणि ती एका पेटीत बुडाली.

पहिले दोन सोमवार कसेबसे साधले. पुढे जमेना. सुनंदाच म्हणाली, "तुम्ही नका धावू. शेजारच्या वंदनाताई येते ना माह्यासंगं." मी संध्याकाळी रांगेतूनच फोन करायचो, ती म्हणायची, "झालं, आलो आम्ही. तुम्ही जेवले का?" मी सुटकेचा श्वास टाकायचो. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंच होतं.

त्या सोमवारी सकाळी वंदनाताईंचा फोन आला. "भाऊ, वहिनीले लय दम लागून राह्यला. पाय सुजले. लवकर या."

मी म्हटलं, "ताई, गुरुवारी मशीन नीट झालतं ना?"

"कोण्या गुरुवारी?"

"तुम्हीच तं नेता ना तिले!"

त्या म्हणाल्या, "भाऊ, मी एकदाच गेलती. मागं सासूबाई पडल्या, तवापासून मले घर सोडताच येत नाई. वहिनी म्हणे, तुम्ही सुट्टी काढून नेता."

सुनंदा लागोपाठ दोन खेपा मशीनवर गेलीच नव्हती. एक नोकरी मी तिच्यासाठी सोडली होती, दुसरी तिच्यापायी जाऊ नये म्हणून ती घरीच बसली. आणि फोनवर मला विचारत होती, जेवले का.

त्यानंतरच मी ढोल्यांना ते तीन फोन केले. दुसरा ड्रायव्हर एक वाजता आला. मी किल्ली त्याच्या हातात कोंबली आणि मोटरसायकल दामटली. तोवर वंदनाताईंनी सासूला एकटं टाकून सुनंदाला ऑटोत घालून नेलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलंय, उशीर झाला. त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. सुनंदाला बोलता येत नव्हतं. माझा हात धरून तिनं फक्त मान हलवली. चौथ्या दिवशी ती गेली. मला आजही रडू येतं ते तिच्या जाण्यापेक्षा त्या फोनवरच्या 'आलो आम्ही'नं.

पुढे मी हिंगणघाटवाल्यांकडे गेलो. घरी बसून भिंती खायला उठायच्या. पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या ड्रायव्हरला, नामदेवभाऊला, त्या काळ्या स्टोव्हचं विचारलं.

तो म्हणाला, "आमच्याकडे गाडीवर दोघं असते, एक सकाळचा अन् एक दुपारचा; दुपारचा जरा आधीच येते. एक रांगेत बसते, दुसरा खिचडी टाकते. बारा वाजले की सकाळचा उतरून घरी. गाडी थांबते, माणूस नाई थांबत."

आता मी रोज एक वाजता घरी येतो. सोमवारी आणि गुरुवारीसुद्धा.

कोणी नवा ड्रायव्हर विचारतो, गजाननभाऊ, कोणती कंपनी धरू? मी म्हणतो, पेटी उघडू नको. त्या कंपनीच्या एखाद्या ड्रायव्हरच्या घरी जा आणि त्याच्या बायकोला विचार, हा किती वाजता घरी येतो. तो म्हणतो, वा, हे कोणत्या उस्तादानं शिकवलं? मी सांगतो, बायकोनं. आणि तेव्हा मी तिला हसलो होतो.